रोज अकरा मिनिटं

मंगळवारी सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी ताईचं यंत्र साफ करायला घेतलं. कानातल्या साच्याला मळ धरला होता तो काढला, नळी बदलली, आणि हात रिकामेच होते म्हणून यंत्र संगणकाला जोडून बघितलं. माझा धंदाच हा. पस्तीस वर्षं मी लोकांच्या कानामागे यंत्रं बसवतोय. आताची यंत्रं चहाडखोर असतात. माणसाने ती रोज किती वेळ चालू ठेवली, बोलण्यात ठेवली की गोंगाटात, सगळं आत टिपून ठेवतात. म्हातारे माझ्यासमोर छातीठोकपणे सांगतात की सकाळी दात घासून झाले की घालतो तो झोपतानाच काढतो, आणि पडदा म्हणतो आठवड्याला दोन तास. मग मी हसतो, म्हातारा हसतो, म्हातारी मागून म्हणते, "बघा, मी काय सांगत होते!" लोकांचं खोटं पकडायला मला आवडतं, उगाच नाकारत नाही. ताईच्या यंत्रातलं ते पान मात्र मी कधी उघडलं नव्हतं. घरच्या माणसाचं काय तपासायचं? त्या दिवशी उघडलं. हे दुसरं यंत्र दिल्यापासूनच्या तीन वर्षांचा रोजचा सरासरी वापर, अकरा मिनिटं.

आधी वाटलं यंत्र बिघडलंय. दुसऱ्या केबलने जोडलं, पुन्हा अकरा. त्यातही बोलणं चार टक्के, शांतता सहा आणि बाकी सगळा गोंगाट. आमच्या घरात कसला आला गोंगाट? मी, बायको आणि ताई. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून भांडीसुद्धा बेताने वाजतात. आणि ही ताई म्हणजे माझ्या दुकानाची शान. नवं गिऱ्हाईक कां-कू करायला लागलं की मी म्हणायचो, अहो, माझी सख्खी बहीण बघा, सत्तरी ओलांडली, दोन्ही कान गेलेले, आणि आज फोनवर बोलते. वर्षातून एकदा तिला दुकानातल्या बंद खोलीत बसवून मी शब्दांची यादी वाचायचो, तोंडासमोर पुठ्ठा धरून, म्हणजे ओठ दिसू नयेत. जिना, चाक, कागद, पंखा. ती एकेक शब्द स्पष्ट परत म्हणायची, शंभरातले नव्वद-ब्याण्णव बरोबर. बाहेर आली की जरा लाजल्यासारखी हसायची आणि मी शाबासकी दिल्यासारखा तिचा खांदा थोपटायचो. म्हणजे ती परीक्षेपुरती अभ्यास करत होती. परीक्षा संपली की जिन्यातच सेलचं ते इवलंसं दार नखाने उघडत असणार, आणि दार उघडलं की यंत्र मेलं. मला चीड आली. वाईट नंतर वाटलं, आधी चीड आली, ती गिऱ्हाइकाने फसवल्याची. घरी गेलो तर ती भाजी निवडत बसली होती. मी नेहमीच्या मोठ्या, सुट्या-सुट्या आवाजात म्हणालो, "यंत्र साफ केलंय. आता छान ऐकू येईल." तिने मान वर केली, माझ्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो रे, छान येतं."

छान येतं! आठ वर्षं मी ते वाक्य खरं मानत आलो. आता त्या रात्रीपासून मला घरातलं सगळं उलगडायला लागलं, आणि उलगडलं ते फार साधं निघालं. तिला कानांची गरजच पडत नव्हती. आम्ही तिच्याशी बोलायचो तरी काय? जेवलीस का, दार लाव, अमक्याचा फोन येईल, आज उशीर होईल. मी बोलायचो ते दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, तोंड समोर, शब्द तोडून, शेवटी जरा हसून. माणूस बायकोशी कुजबुजतो, मुलीवर खेकसतो, पंख्याला शिव्या देतो. ताईच्या वाट्याला मात्र माझा तो एकच इस्त्री केलेला आवाज. तेवढ्यासाठी ओठ बघितले तरी भागतं. आणि ही ती बाई, जिने मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी पाच महिन्यांचा आणि ती तेरा वर्षांची. बाबा छापखान्यात दोन दोन पाळ्या करायचे. तिने शाळा सोडली, मला कडेवर घेतलं आणि मग जवळजवळ खाली ठेवलंच नाही. सोळाव्या वर्षी तिचा कान वाहायला लागला तेव्हा मी गोवरात पडलो होतो. पुढे माझी शाळा, माझ्या परीक्षा. मग बाबा आजारी. कापसाचा बोळा घालून तिने दहा वर्षं काढली. पुढे मी हा धंदा शिकलो आणि तिच्या ऐकण्याचा आलेख काढला, तेव्हा रेघ कागदाच्या डाव्या कोपऱ्यातून जिना उतरल्यासारखी खाली खाली गेली होती. मी तो आलेख माझ्या गुरूंना दाखवला आणि म्हणालो, नमुनेदार केस आहे. हेच शब्द वापरले होते मी.

त्या रविवारी मी घरी थांबलो आणि चक्क पाळत ठेवली. सख्ख्या बहिणीवर, वर्तमानपत्राआडून. सकाळी नाही, जेवताना नाही, बायको तिला काही सांगत होती तेव्हाही नाही. चार वाजता नळाला पाणी आलं. ताई मागच्या बोळात गेली, पिंपात नळी सोडली, भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि तिचा हात कानामागे गेला. टक् करून सेलचं दार लागल्याचं मला इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण बोटांची ती हालचाल मी दिवसातून वीस वेळा बघतो. ती डोळे मिटून उभी होती. पाण्याचा आवाज आधी पोकळ येतो, मग भरत भरत वर चढतो, काठाशी आला की बारीक होतो. तो बारीक झाल्याबरोबर तिने नळ बंद केला आणि हात पुन्हा कानामागे गेला. मग मला आठवलं, पूर्वी एकदा पिंप वाहून शेजारच्यांच्या दारात पाणी गेलं होतं आणि माझी बायको तिला फाडफाड बोलली होती. तर ही ती अकरा मिनिटं. जगातलं उत्तमातलं उत्तम यंत्र, माझ्या हाताने बसवलेलं, आणि त्याचा उपयोग काय, तर पिंप भरलं की नाही ते कळायला. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.

मोठ्या पर्वणीला जायचं मी त्याच आठवड्यात ठरवलं. बारा वर्षांनी येणारं ते स्नान. नदीवर माणसांचा समुद्र लोटतो, साधूंच्या मिरवणुका निघतात, सगळं जग बघायला येतं. मागच्या वेळी ताईने मला विचारलं होतं, आपण जाऊ या का रे एकदा? आयुष्यात तिने मागितलेली बहुधा तेवढीच एक गोष्ट. तेव्हा तिच्याकडे यंत्र नव्हतं, गिऱ्हाइकांच्या रांगेत तिचा नंबर अजून लागला नव्हता. मी हसून म्हणालो होतो, तुला तिथे काय ऐकू येणार, नुसते धक्के खाऊन परत येशील. आता जायचं मला कसं सुचलं कोण जाणे. देवाचं मला काही नाही. मी एरवी असल्या गर्दीला नावं ठेवणारा माणूस. मग आता का? ताईला बरं वाटावं म्हणून, असं मी बायकोला सांगितलं आणि तिला ते पटलंही. खरं कारण असं की मला ताईला पकडायचं होतं. चार दिवस चोवीस तास माझ्याबरोबर राहिली की कधीतरी सापडेल, मग मी समोरासमोर विचारीन, की बाई गं, माझं काय चुकलं म्हणून तू मला ऐकत नाहीस? निघण्याआधी मी तिचं यंत्र पुन्हा जोडलं आणि गर्दीचा आवाज दाबणारी सोय चालू करून ठेवली. कोणत्याही शहाण्या कारागिराने तेच केलं असतं.

यात्रा कंपनीच्या बसमध्ये तिला खिडकी दिली. चाळीस माणसं, त्यातली निम्मी गुडघेदुखीची. पुढच्या सीटवर एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या, एकट्याच आलेल्या, तोंडाचा पट्टा पहिल्या नाक्यापासून सुरू. ताई त्यांच्याकडे बघून मान हलवत होती. यंत्र बंद होतं, हे मला आता तिच्या मानेवरूनच कळायला लागलं होतं. बंद असताना ती जरा जास्त हसते. मी खिडकीबाहेर बघतोय असं दाखवून हळूच म्हणालो, "ताई, बसला आग लागलीय." ती शांतपणे संत्रं सोलत होती. पुढे मास्तरीणबाई तेवढ्या दचकून मागे वळल्या. मी सॉरी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वर्गातून बाहेर काढतायत की काय. ताईने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. लहानपणी ती असंच करायची, बिया काढून, आणि मी तिच्या पाठीवर बसून ते खायचो आणि हात तिच्याच केसांना पुसायचो. तिला तेव्हा एका कानाने थोडं ऐकू यायचं. मी त्या कानाशी तोंड नेऊन दिवसभर बडबडायचो, शाळेतलं, रस्त्यातलं, स्वप्नातलं. ती "मग?" म्हणायची. मग? मग? कधी थांबलो मी? नेमकी तारीख सांगता येणार नाही. नोकरी लागली, लग्न झालं, तो कानही गेला, आणि एवढं मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

तंबूत आम्ही दुपारी पोचलो. कापडाच्या भिंती, लोखंडी खाटा, बाहेर कर्ण्यांवर हरवलेल्या माणसांची नावं. मी चहा आणायला गेलो आणि दोन ग्लास घेऊन परत आलो तर ताई तंबूच्या दारात उभी होती आणि तिचा हात कानामागे होता. मी जागच्या जागी थांबलो. सापडली, असं मनात म्हणालो, आणि सापडल्याचा आनंद काही झाला नाही. तिचा चेहरा पूर्ण बदलला होता. कपाळावर आठी, तोंड अर्धवट उघडं, अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखी ती आवाजात पाय टाकत होती. मला बघून दचकली नाही की ओशाळली नाही. म्हणाली, "छोट्या, हे दबल्यासारखं येतंय. तूच केलंयस ना काहीतरी? मोकळं कर."

"गर्दी आहे ताई. कान किटतील तुझे. सगळे तक्रार करतात."

"मी सगळ्यांतली आहे का? कर म्हटलं ना."

तिने मान कलती केली आणि कान माझ्यापुढे धरला. मी चहा खाली ठेवला आणि बटण तीनदा दाबलं. सगळं एकदम आत शिरलं असणार. कर्णे, घंटा, भोंगे, लाखभर पायांची घसट, कुणाचं तरी रडणारं मूल. माझी गिऱ्हाइकं अशा वेळी यंत्र उपटून काढतात आणि माझ्या अंगावर फेकतात. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसत होती, बंद यंत्राचं ते हसू नव्हे, निराळंच, दात दिसणारं. "केवढं मोठं आहे रे," ती म्हणाली. मी विचारलं काय मोठं? तिचं लक्ष नव्हतं. त्या संध्याकाळी तिने मास्तरीणबाईंचं सगळं आयुष्य ऐकून घेतलं. पलीकडच्या तंबूतल्या बायकांच्या नणंदा-जावाही ऐकल्या. "मग?" म्हणत होती. मी खाटेवर पडून तो शब्द ऐकत होतो आणि मला, अठ्ठावन्न वर्षांच्या घोड्याला, त्या बायकांचा हेवा वाटत होता.

स्नानाच्या दिवशी सकाळी कंपनीच्या माणसाने झेंडा धरून आम्हाला नदीवर नेलं. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. साधूंची मिरवणूक आली, शंख वाजले, गर्दीतून एकच आरोळी उठली आणि माणसं पाण्यात शिरायला लागली. मास्तरीणबाईंनी पदर खोचला. "चला ताई, हात धरा माझा." ताई पायरीवर फतकल मारून बसली होती. म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी नाही."

"अहो, एवढ्या लांब कशाला आलात मग?"

"पाण्यात जायचं तर यंत्र काढावं लागेल," ताई म्हणाली. "मी ऐकायला आलेय."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू हे मीच शिकवलंय. मी चिडलो. म्हटलं, "ताई, दोन मिनिटांचं काम आहे. यंत्र मी सांभाळतो. लोक जिवावर उदार होऊन येतात या डुबकीसाठी." देवाधर्माच्या बाजूने मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो. ती म्हणाली, "तूच जा. माझ्या वाटची तू मार. कपडे बघते मी." आणि मी, ज्याने कधी देवापुढे दिवा लावला नाही, तो गर्दीच्या रेट्यात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो. पाणी बर्फासारखं गार होतं. मी नाक धरून एकदा बुडालो, आणि पाण्याखाली ते सगळं थांबलं, कर्णे, शंख, माणसं. कानात नुसती एक जाड शांतता. मनात आलं, आमच्या घरी ती हेच ऐकते. वर आलो तेव्हा पायऱ्यांवर माझ्या कपड्यांच्या ढिगाशेजारी ती दिसली, चेहरा वर उचललेला, एका कुठल्याशा परक्या म्हातारीशी बोलणारी. मी हाक मारली. गिऱ्हाइकाला मारतो तशी नव्हे, जुनी, लहानपणची, नुसती "ताई". एवढ्या कल्लोळात ती कुणालाच ऐकू आली नसती. तिने मात्र मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी ओल्या अंगाने येऊन तिच्या खालच्या पायरीवर बसलो. म्हातारी उठून गेली होती. मी विचारलं, आणि आवाज मोठा केला नाही, शब्द तोडले नाहीत. "घरी बंद का ठेवतेस?"

"कळलं होय तुला?" ती म्हणाली.

"यंत्रात कळतं ते."

"असं. मग यंत्रात तेही असेल."

"काय?"

ती नदीकडे बघत होती. "पहिलं यंत्र घातलंस ना तू मला, आठ वर्षांपूर्वी, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही दोघं बाहेर. तुझी बायको म्हणाली, ताई काय जन्मभर आपल्याकडेच का? तिचं काही चुकलं नाही, कुठलीही बाई विचारेल. तू म्हणालास, जाणार कुठे, बहिऱ्या बाईला कोण विचारतंय, मरेपर्यंत आहेच गळ्यात. आणि हसलास."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझंच होतं, त्यात शंका नाही. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या मापाचा होता. मी म्हणालो, "ताई, माणूस बोलून जातो गं."

"शब्दांचं काही नाही रे. ते मी ओठांवरूनही वाचले असते कधीतरी. पण तुझं हसणं मी वीस-बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. यंत्र मिळालंय, आता छोट्याचं हसू ऐकायला मिळेल, म्हणून मी आठवडाभर वाट बघत होते. आणि ऐकलं ते हे." तिने माझा सदरा उचलून माझ्या अंगावर टाकला. "मग उघडून टाकलं सेलचं दार. बंद ठेवलं म्हणून तर राहता आलं मला तुझ्याकडे. चालू ठेवून नसतं जमलं."

मला खूप काही सांगायचं होतं. जिना, चाक, कागद, पंखा, एवढंच आठवत होतं. मी म्हणालो, "आता घरी गेल्यावर आपण..."

"छोट्या," ती म्हणाली, तिने माझ्या ओल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि त्या हातात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. "जरा गप्प बस. ऐकू दे मला."

ती ऊन चढेपर्यंत ऐकत राहिली. मी तिच्या पायाशी बसून तिच्या चेहऱ्यावरून एकेक आवाज येताना आणि जाताना बघत होतो. मला स्वतःला तो सगळा मिळून एक गोंगाट वाटत होता. मग झेंडा वर झाला, कंपनीचा माणूस नावं पुकारायला लागला, आणि आम्ही धक्के खात बसपर्यंत आलो. मी आधी चढलो आणि हात द्यायला मागे वळलो. ती खालच्या पायरीपाशी थांबली होती. एकदा मागे वळून तिने गर्दीकडे बघितलं, मग तिचा हात कानामागे गेला. मग तिने माझा हात धरला, वर आली आणि माझ्याकडे बघून हसली. ते घरातलं हसू होतं.